पाळण्याच्या हुकाचा दावा

आमचे शेजारी बोर्डे सर यांनी भाडेकरूवर दावा लावला आहे आणि दर तारखेला ते त्याच भाडेकरूच्या मोटारसायकलवर मागे बसून नगरच्या कोर्टात जातात. वाटेत प्रकरणाविषयी बोलायचं नाही, एवढीच त्यांची अट. पेट्रोलचे निम्मे पैसे ते रीतसर देतात.

रीतसर हा सरांचा लाडका शब्द. शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले. पत्नी वारली, मुलगा पुण्यात. अंगणात कुत्रं शिरलं, तरी त्याला म्हणतात, "चला, रीतसर बाहेर व्हा."

भाडेकरू आव्हाड पाथर्डीकडचा, सुप्याला कारखान्यात कामाला. सरांच्या भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत राहतो. मुलगी झाली तेव्हा त्यानं न विचारता स्लॅबला भोक पाडलं आणि पाळण्यासाठी हूक बसवला. सरांनी वकील गाठला. दाव्यात लिहिलंय, पाळण्याच्या करकरीनं झोप होत नाही.

मला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. नोटिशीचे दोन हजार, दाव्याची फी पंधरा हजार, तारखेला हजार, टायपिंग-झेरॉक्स वेगळं. खोल्यांचं भाडं महिना पाच हजार.

"सर, गवंडी साडेतीनशेत भोक बुजवील."

"भोकाचं काही नाही हो. परवानगीचं काय?"

"मग आता देऊन टाका."

"आता कशी देणार? प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

मागच्या तारखेला मीही माझ्या स्कूटरवरून सोबत गेलो होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात आव्हाड एकदम म्हणाला, "सर, मी खोली सोडतो. सुप्यालाच जागा बघितलीय. हूक काढून भोक बुजवून देतो. उगं तुमचा लई खर्च व्हायला लागलाय."

वकील खूश झाले. "जिंकलात की सर. तडजोडीवर सही करा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला.

"घाई नको. रीतसर होऊ द्या. पुढची तारीख घ्या."

"तारखेचे हजार होतील, सर."

"होऊ द्या."

"मग मी जागा सोडू का नको?" आव्हाडनं विचारलं.

"निकाल लागेपर्यंत सोडता येत नाही," गणिताच्या सरांनी कायदा सांगितला. वकिलांनी काही सांगायला तोंड उघडलं, सरांच्या हातातल्या नोटा पाहिल्या आणि मिटलं.

आव्हाडनं मान हलवली आणि गाडी काढली. सर मागे बसले.

त्या संध्याकाळी मी एकूण खर्चाचा आकडा काढून सरांकडे गेलो. टीव्ही बंद होता. खुर्ची आव्हाडच्या भिंतीला खेटून ठेवलेली. मी तोंड उघडताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

भिंतीपलीकडे हूक करकरत होता. करकर संथ झाली, मग थांबली.

"झोपली," सर म्हणाले. "हं, सांगा आता तुमचा आकडा. जरा हळू."