भिंतीतले मामा

"नाही म्हणजे नाही! शेवटी ते दोघं भेटणार नाहीत," मामा म्हणाले आणि त्यांनी कप बशीवर आपटला.

मामा तीस वर्षं तुरुंगात होते, म्हणजे कारकून म्हणून. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कादंबरी लिहिली. पुरुषांचा विभाग आणि बायकांचा विभाग यांच्यात एकच भिंत. तिच्यावर टकटक करत दोन कैदी प्रेमात पडतात आणि एकमेकांचं तोंडही न बघता एक दिवस ती सुटून जाते. त्यांच्या भाचीने आता या कादंबरीचं संगीत नाटक बसवलं होतं.

"अहो मामा, लोकांनी दोन तास गाणी ऐकायची आणि शेवटी तिला नुसतंच घरी पाठवायचं?"

"खरं तसंच घडलंय. तिच्या सुटकेच्या कागदावर शिक्का मी मारलाय."

"मारताना काहीच नाही वाटलं?" मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मामांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. भाचीने हात टेकले आणि शेवट कादंबरीतलाच ठरला.

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी, पडदा उघडायला दहा मिनिटं उरली असताना रंगमंचावरची भिंत डुलायला लागली. पातळ प्लायवूडची ती भिंत आतून पोकळ होती. तिच्या तळाचा स्क्रू निसटला होता. सुताराने घाईघाईने दुसरा मारला, तर फळीच चिरली.

"आत शिरून कुणीतरी धरायला हवी," सुतार म्हणाला. "मी शिरलो असतो, पण…" त्याने आपल्या पोटाकडे पाहिलं.

भाचीला दिवे सांभाळायचे होते. बाकीचे तोंडाला रंग फासून तयार होते. सगळ्यांच्या नजरा एकाच सडपातळ माणसावर येऊन थांबल्या.

"मी? अगं, मी लेखक आहे!"

"म्हणूनच. शेवटपर्यंत भिंत हवीच, हा हट्ट कुणाचा होता?"

मामांनी नवा कोट काढून मामींच्या हातात दिला आणि ते मागच्या बाजूने अंग चोरून भिंतीत शिरले.

नायकाची प्रेमाची पहिली टकटक नेमकी मामांच्या बरगडीवर आली. दुसऱ्या बाजूने नायिकेनेही तितक्याच प्रेमाने उत्तर दिलं. मग ती भिंतीला रेलून गायली, तेव्हा तिचा सगळा विरह मामांच्या खांद्यावर आला. त्यात नाकात भुसा गेला. गाणं संपलं, सगळीकडे हळवी शांतता पसरली आणि भिंत सणसणीत शिंकली.

नायिका हजरजबाबी होती. "सर्दी झाली का हो तुम्हाला?"

"मला नाही," गोंधळलेला नायक खरं बोलून गेला.

"मग कुणाला?"

"भिंतीला… ओल आलीय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर मामांच्या प्रत्येक शिंकेला टाळी पडू लागली. पहिल्या रांगेत मामी शेजारच्या बाईंना अभिमानाने सांगत होत्या, "आमचे हे आहेत ते."

शेवटच्या प्रवेशात मात्र कुणी हसत नव्हतं. हातात सुटकेचा कागद घेऊन नायिकेने भिंतीवर तळवा टेकवला. हे गाणं मामांनी तालमीत वीसदा ऐकलं होतं, पण खुर्चीत बसून. आता एका कानाशी तिचा हुंदका होता, दुसऱ्या कानाशी त्याचा श्वास, आणि मध्ये ते स्वतः. त्यांना ती खरी मुलगी आठवली. कागद घेताना तिने विचारलं होतं, "साहेब, पलीकडे कोण आहे, एकदा दाखवाल?" कागदावरून मान वर न करता ते म्हणाले होते, "नियमात बसत नाही."

गाणं संपलं. नायिका वळली आणि चालू लागली.

तेवढ्यात भिंत हलली. तिच्याखाली चपला घातलेले दोन पाय दिसले आणि धापा टाकत, फरफटत, ती मागच्या पडद्याआड निघून गेली.

आवाजाने नायिका मागे वळली आणि नायक-नायिका समोरासमोर आले. पुढे काय बोलायचं ते लिहिलेलंच नव्हतं. दोघं नुसतेच बघत राहिले. पेटीवाल्याने न सांगता पहिल्या टकटकीच्या गाण्याचे सूर धरले. सगळं प्रेक्षागृह रुमाल शोधत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची घरी आली.

"मामा, रात्रभर विचार केला. तुमचंच बरोबर होतं. भेट न होण्यात जी हुरहुर आहे ना, ती भेटण्यात नाही. सुताराने भिंत पक्की केलीय, चार स्क्रू मारून. आजपासून तुम्ही आरामात खुर्चीत बसा."

मामा तेल चोळून घेत होते. त्यांनी दुखरा खांदा हळूच हलवून पाहिला.

"स्क्रू काढायला सांग," ते म्हणाले. "भिंत मीच धरणार."