जगदाळ्यांचा झोपाळा जंगलात

"बाबा, तुम्ही स्वतः कधी तंबूत झोपलाय का?"

राजेश्वरीने हा प्रश्न विचारला तेव्हा प्रतापराव जगदाळे ढेबऱ्याचा तुकडा दह्यात बुडवत होते. तो तसाच बुडालेला राहिला. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. पूर्वी आणि सानवी या तिच्या मैत्रिणींनी तो आदल्या दिवशी रिसेसमध्ये तिच्या गळ्यात मारला होता, आणि हिंमत असेल तर विचार म्हणून वर दोन प्लेट सेवउसळीची पैज लावली होती.

प्रकरण असं होतं की शाळेचा निसर्ग कॅम्प एकवीस तारखेला निघत होता. पावागढच्या पलीकडचं जंगल, तीन दिवस, तंबू, टेकडी, तळ्यात नाव. फक्त फॉर्मवर पालकांची सही हवी होती, आणि तीही सोमवारपर्यंत. प्रतापराव आठवडाभर एकच उत्तर देत होते, "जगदाळ्यांच्या पोरी रानात झोपत नाहीत." आणि त्याच श्वासात पुढे सांगायचे, "आपले खापरपणजोबा बडोद्याच्या सरकारांच्या फौजेत रिसालदार होते. वर्ष वर्ष तंबूत काढलंय त्यांनी. तंबू रक्तात आहे आपल्या."

"रक्तात आहे, पाठीला माहीत नाही," स्वयंपाकघरातून राजेश्वरीची आई, वसुंधराबाई, म्हणाल्या.

हे वर्मी लागलं. प्रतापरावांनी ताट बाजूला सारलं. "येत्या शनिवारी निघायचं. सगळ्यांनी. त्याच जंगलात. आणि तिथे तू एकदा जरी 'ईऽऽ' केलंस, तर फॉर्म रद्दीत."

"आणि नाही केलं तर?"

"तर सही."

राजेश्वरीने मनात एक सेवउसळ खाऊनही टाकली.

तेवढ्यात हॉलमधला झोपाळा करकरत थांबला. झोपाळा थांबला की जगदाळ्यांच्या घरात सगळेच थांबतात, कारण त्यावर जिजाआत्या असतात. जिजाआत्या म्हणजे प्रतापरावांच्या थोरल्या बहीण. वय अडुसष्ट. जेवणानंतर पंधरा मिनिटं झोका घेतल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. असं कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नाही. त्यांनी स्वतः सांगितलंय, आणि या घरात ते डॉक्टरच्या वरचं असतं.

"मी आले तर माझ्या झोपाळ्याचं काय?"

"अक्का, तू घरीच राहा ना. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"मला सोडून मोहीम? बरं बरं. घरात थोरलं माणूस उरलं नाही असं समजते मी."

झालं. शनिवारी सकाळी झोपाळा उतरवला गेला. पितळी कड्या पिशवीत गेल्या. सागाची पाच फूट फळी व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवी पडली, तिच्यावर गादी, गादीवर चादर आणि चादरीवर जिजाआत्या. प्रतापराव फळीवर हात ठेवून भावुक झाले. "रिसालदारांना दरबारातून बक्षीस मिळालेली फळी. चार पिढ्या. आज पुन्हा मोहिमेवर निघाली."

ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ऐकावी लागते. व्हॅनला ती पहिल्यांदाच ऐकावी लागली.

जंगलाच्या नाक्यावर राठवाभाई नावाचे वनरक्षक होते. शांत माणूस, जाड रजिस्टर. त्यांनी खिडकीतून आत बघितलं. चार माणसं, दोन तंबू, कुकर, डब्यात साठ थेपले.

"प्लास्टिक? दारू? फटाकडा?"

"छे छे," प्रतापराव म्हणाले.

लाकूड आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. जंगलात लाकूड घेऊन कोण जातं?

कॅम्पच्या मैदानात पोचल्यावर प्रतापरावांनी तंबू उघडला आणि माहितीचा कागद न वाचता फेकला. "आपल्या पूर्वजांना कागद लागत होते का?" पाऊण तासाने पूर्वजांचा वारस तंबूच्या आत होता आणि तंबू मात्र उभा नव्हता. आतून फक्त कोपरं फिरताना दिसत होती.

"कोणीतरी चेन शोधा," आतून आवाज आला.

राजेश्वरीने कागद उचलला, बाबांना बाहेर काढलं आणि वीस मिनिटांत दोन्ही तंबू ताठ केले. कुणी शाबासकी दिली नाही. वसुंधराबाईंनी तिला एक जास्तीचा थेपला दिला, त्यांच्याकडे शाबासकी अशीच मिळते. मग मोहाच्या जाड फांदीला दोर बांधून राजेश्वरीनेच झोपाळा टांगला. आत्या गादीसकट विराजमान झाल्या. जंगलभर करकर सुरू झाली. दोन मोर उडून गेले.

रविवारी सकाळी टेकडी. अर्ध्या वाटेत प्रतापरावांना एक गोल दगडी बांधकाम दिसलं. त्यांनी बूट काढले आणि मुजरा केला. "बुरूज. आपल्याच फौजेचा."

"बाबा, यावर पाइप आहे."

"तोफेचा असेल."

"आणि 'पीवानुं पाणी' लिहिलंय."

"फौजेला तहान लागत नाही का?" म्हणत त्यांनी बूट घातले. एका बुटात बेडूक होता. राजेश्वरीने तो हातात घेऊन गवतात सोडला आणि तोंडातून हूं की चूं काढलं नाही. एक डाव जिंकला.

मग तळं. लाइफ जॅकेटं घालून सगळे नावेत बसले, आत्यासुद्धा. काठापासून दहा फुटांवर प्रतापराव उभे राहिले, एक हात कमरेवर, एक क्षितिजाकडे. "फौजेने नदी अशी ओलांडली असेल—"

नावेला इतिहास आवडत नसावा. प्रतापराव गुडघाभर पाण्यात बसले आणि पायाला शेवाळ लागताच त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो तळ्याच्या चारी बाजूंनी परत आला.

"ईऽऽऽ."



"कोण बोललं?" वसुंधराबाईंनी अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं.

"सहीचं घरी गेल्यावर बघू," प्रतापराव म्हणाले. त्यांच्या पाकिटातलं लायसन्स आणि आधार कार्ड आता एकमेकांना कायमची चिकटली होती. वसुंधराबाईंनी तर पर्स आणलीच नव्हती, जंगलात चोर असतात म्हणून.

राजेश्वरीने ओळखलं. घरी गेल्यावर बघू म्हणजे नाही. या घरात गिरनार, नवीन फ्रिज आणि कथकचा क्लास हे सगळं घरी गेल्यावर बघू याच खात्यात जमा आहे.

परत कॅम्पवर आले तर झोपाळ्यावर पाच वानरं. चार ओळीत बसलेली, पाचवं मागून ढकलत होतं. गादी फाडून झाली होती, मोहाखाली कापसाचा बर्फ पडला होता. आत्या काठी घेऊन पुढे गेल्या आणि थबकल्या. "बसतात मात्र नीट. पाय खाली सोडून. आपल्या पोरांना शिकवून येत नाही." मग त्यांनी गुजरातीत असा काही दम भरला की पाचही जण खाली मान घालून उतरले.

"गुजरातीत का, आत्या?" राजेश्वरीने विचारलं.

"इथली आहेत ती. मराठी कुठून कळणार?"

परतीच्या वाटेवर फळी उघडीच होती, आत्या तिच्या टोकाला बसल्या होत्या. नाक्यावर राठवाभाईंनी आत डोकावलं, मग पूर्ण डोकं आत घातलं.

"आ शुं छे?"

"झोपाळा."

"झोपाळा नंतर. पेहला तो साग छे." त्यांनी फळी बोटाने वाजवली. "जंगलातून साग बाहेर जाते तर पास जोईए."

"अहो, ही आम्ही आणलेली आहे. बडोद्याहून."

"काका, जंगलमां साग कोण घेऊन येते?"

रजिस्टरमध्ये फळीची नोंद नव्हती. राठवाभाईंनी फळी उतरवून उलटी केली, सरकारी हातोड्याचा शिक्का शोधायला. शिक्का नव्हता. एका कोपऱ्यात पत्र्याची छोटी पट्टी ठोकलेली होती. राठवाभाईंनी ती मोठ्याने वाचली, "घडियाळी पोळ, वडोदरा. सन ओगणीससो चोराणुं." म्हणजे एकोणीसशे चौऱ्याण्णव.

प्रतापरावांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मोहाकडे पाहिलं, जो आता दोन किलोमीटर मागे होता.

"जुनीला वाळवी लागली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "तू सुरतेला नोकरीला होतास. तुला वाईट वाटेल म्हणून बदलून घेतली. तीस वर्षं तू इतकं छान सांगतोस ते रिसालदारांचं, मग मधे बोलवेना."

राठवाभाई खूश झाले. "बस, सरस. दुकाननी फळी छे. एक लाइन लिहून द्या, घडियाळी पोळच्या दुकानातून घेतली. सही करा, घेऊन जावो."

केवढं सोपं होतं. राजेश्वरीने पेन बाबांच्या हातात दिलंही. प्रतापरावांनी कागदाकडे बघितलं, फळीकडे बघितलं. ओल्या पँटमधून नाक्याच्या फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"ही फळी," ते म्हणाले, "चार पिढ्यांची आहे."

"बाबा, चौऱ्याण्णव लिहिलंय."

"पट्टी नंतर लागली असेल. मी दुकानाचं नाव लिहिणार नाही."

"तो जप्त," राठवाभाई म्हणाले.

"जप्त तर जप्त. मोहिमेत हार-जीत असते."

"प्रताप," आत्या उठून उभ्या राहिल्या, "मी जेवून बसू कशावर?"

पण प्रतापराव बधले नाहीत. राठवाभाईंनी पावतीपुस्तक काढलं. ओळखपत्र हवं, फोटोवालं. प्रतापरावांच्या लायसन्सवर आता आधार कार्डाचा फोटो होता. वसुंधराबाईंची पर्स घरी होती. आत्यांनी ओळखपत्र विचारल्याबद्दल राठवाभाईंकडेच असं बघितलं की त्यांनी विषय बदलला. शेवटी राजेश्वरीने बॅगेतून शाळेचं आयकार्ड काढलं.

राठवाभाईंनी ते उलटसुलट बघितलं. "फोटो छे, नाव छे, सिक्को छे. चालशे. सही अहींया, बेन."

तिने सही केली. ठळक, शेवटी रेघ ओढून. आयुष्यातली पहिली सरकारी सही. मग तिने पावती खालपर्यंत वाचली. घरात कागद वाचणारी ती एकटीच होती, हे एव्हाना सिद्धच झालं होतं. वाचता वाचता तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"राठवाभाई, पास किती दिवसांत होईल?"

"दस-बार दिवस. साहेब तपास करशे."

"म्हणजे एकवीसपर्यंत नक्की. आणि खाली लिहिलंय, माल फक्त सही करणाऱ्यालाच मिळेल. स्वतः आल्यावर."

"नियम छे."

आत्यांच्या डोक्यात प्रतापरावांच्या आधीच उजेड पडला. त्यांनी राजेश्वरीची बॅग उघडली, आठवड्यापासून घडी होऊन पडलेला फॉर्म काढला आणि व्हॅनच्या बॉनेटवर पसरला. वानरांना दिला होता तोच आवाज काढून, पण मराठीत, म्हणाल्या, "प्रताप. पेन घे."

प्रतापरावांनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत लावलं. वसुंधराबाई हळूच म्हणाल्या, "यात दुकानाचं नाव नाहीये हो."

सही झाली. राजेश्वरीने पावतीची नीट घडी करून आयकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवली आणि ते गळ्यात घातलं.

"आई, बाबा, एकवीस तारखेला मी कॅम्पला जातेय. तेवीसला फळी घेऊन घरी येईन. तोवर तुम्ही कड्या घासून ठेवा."