घोळवा, गिळू नका

शेटे मॅडम माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी तोंडात बघतात. सोनपेठच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, मी मराठी. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी नावगाव काही विचारलं नाही. हातात कापूस गुंडाळलेली काडी होती.

"सर, जरा तोंड उघडा."

मी उघडलं. त्यांनी हिरडीवरून काडी फिरवली आणि निघून गेल्या. आठवड्याने स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमचे जंतू लय चिवट हायेत, सर. मला असेच पाहिजे होते."

नोकरीतलं माझं पहिलं कौतुक ते.

मॅडमना झाडपाल्यापासून गुळणीचं औषध बनवायचं होतं. बाभळीची साल, पेरूची पानं, डाळिंबाची टरफलं, लवंग, जे मिळेल ते उकळायच्या. काचेच्या बशीत आमचे जंतू वाढवायच्या, काढ्यात बुडवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवायच्या. टिकलीभोवतीचे जंतू मेले की तिथं स्वच्छ कडं दिसतं. तसं कडं दिसलं की मॅडम बशी घेऊन वर्गावर्गातून फिरायच्या, बारशाचे पेढे वाटावेत तशा.

मग चव बघायला आम्ही होतोच. "घोळवा, गिळू नका," एवढंच त्या सांगायच्या. बाभळीच्या काढ्याने माझे दात चहाचे डाग पडलेल्या कपासारखे झाले. मॅडमनी तेवढंच वहीत टिपलं.

एकदा स्नेहसंमेलनाच्या सकाळी प्राचार्यांनी घसा बसल्याची तक्रार केली. मॅडमनी डाळिंबाच्या टरफलांचा ताजा काढा पुढं केला. सरांनी घोळवला आणि त्यांचं तोंड असं आवळलं, की एरवी तासभर चालणारं प्रास्ताविक 'स्वागत' आणि 'आभार' एवढ्यात उरकलं. त्या दिवशी सगळ्या स्टाफने मॅडमना आग्रहाने चहा पाजला. त्या मात्र हिरमुसल्या होत्या.

"तोंड बंद करणारं औषध काय कामाचं? बोलता आलं पाहिजे."

बाजारात बाटल्या मिळतात की, असं मी म्हटलं. "त्या झोंबतात," एवढंच बोलून त्या पुन्हा काडी शोधायला लागल्या.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी परीक्षेच्या कामासाठी मी त्यांच्या घरी गेलो. दारातच त्यांनी मला थांबवलं आणि आवाज खाली आणला.

"अप्पा बोलले तर मागं सरकू नका, सर."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. आठवडी बाजारात कापड विकण्यात त्यांचा जन्म गेलेला. मॅडमनी तिथंच थोडक्यात सांगितलं. बीपीच्या गोळ्यांमुळे अप्पांचं तोंड सारखं कोरडं पडतं, वास येतो. दातांचे डॉक्टर झाले, बाटल्या झाल्या. सोललेल्या तोंडाला त्या सोसवेनात. एक दिवस दुकानात एका गिऱ्हाइकाने नाकाला पदर लावला. अप्पा दुकान मुलाच्या हवाली करून घरी आले आणि त्यांनी बोलणंच सोडलं.

आत अप्पा खुर्चीत बसले होते. कपाळावर भस्म, तोंडावर दस्ती, म्हणजे हातरुमाल. मॅडमनी कोमट काढ्याचा पेला आणि गुळणी टाकायला तसराळं आणलं.

"अप्पा, घोळवा. गिळू नका."

बराच वेळ घोळवून झाल्यावर अप्पांनी दस्तीने ओठ टिपले आणि ती मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सर, तुमच्या अंगातलं कापड चांगलं हाय. पण शिवणाऱ्यानं घाण केली."

मग ते बोलतच राहिले. खणांबद्दल, धोतरजोड्यांबद्दल, वारभर कापडाचा भाव करून न घेताच गेलेल्या बायांबद्दल. मॅडम त्यांच्या अगदी तोंडाजवळ बसून ऐकत होत्या, जसं काही पहिल्यांदाच.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

"खरं सांगा, सर. वास येतो का?"

"थोडा येतो," मी म्हणालो.

"थोडाच ना?" त्यांचा चेहरा उजळला. "लवंग वाढवू का मग? पण झोंबंल त्यांना. पेरूची पानं वाढवते."

आतून अप्पांचा आवाज आला. "गेले का गं सर? त्यांना मानवतच्या बाजाराचं सांगायचं राहिलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "अजून जरा बसता का, सर?"

मी चपला काढल्या आणि अप्पांच्या शेजारची खुर्ची आणखी जवळ ओढली.