तायडेकाकांची घळई

आमच्या मलकापुरात सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ आहेत, पण बूट आधी नळाखाली धरून, पाण्यानं गच्च भरले की मगच पायात घालणारे तायडेकाका एकटेच. ते पचक पचक करत निघाले की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होतात. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी काळजीनं विचारलं, "काका, बूट ओले झाले वाटते तुमचे?"

"झाले नाही. केले," काका म्हणाले आणि पुढे निघाले.

कारण असं, की काकांना सातपुड्यातल्या एका नदीच्या घळईतून तीन दिवस पायी जायचं होतं. दोन्ही बाजूंना डोंगराच्या उभ्या भिंती, मधून नदी, आणि ती सारखी ओलांडावी लागते. बूट कोरडे राहतच नाहीत, म्हणून हा सराव. नदीचं नाव मी इथं देत नाही. "नाव सांगतलं त् गर्दी होते," अशी काकांची ताकीद आहे.

काका पाटबंधारे खात्यात कारकून होते. जन्मभर नद्यांच्या फायली हलवल्या, पण नदीत पाय घातला नाही. निवृत्त झाल्यावर काकू नात सांभाळायला पुण्याला लेकीकडे गेल्या. काकाही गेले होते, पण लवकरच परत आले. "मी 'मले' म्हटलं का नातीच्या मैत्रिणी हासतात," म्हणाले. "मंग मी बोलनंच बंद केलं. बिनबोलता मानूस किती दिवस राहीन?"

आल्यावर त्यांनी घळईचा बेत काढला. मी औषधाच्या दुकानात बसतो, शेजारचा ठोंबरे मोबाइल दुरुस्त करतो आणि चोपडे मॅडम शाळेत हिंदी शिकवतात. आम्हा तिघांना काकांनी भरती करून घेतलं. रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात बैठक. आणि बैठकीत काकांचा एकच शब्द, समजा.

"समजा, दुसऱ्या दिवशी पानी वाढलं. मंग?"

"मंग वर चढू," मी म्हणायचो.

"समजा, वर अस्वल हाये."

"मंग खालीच थांबू."

"खाली पानी हाये ना बे. आत्ताच त् सांगतलं तुले."

एकदा त्यांनी अंगणात काळ्या मातीची हुबेहूब घळई केली. भिंती गुडघाभर उंच, मधून नदी, वळणावळणावर मुक्कामाचे खडे. तांब्यानं पाणी सोडून ते आम्हाला पूर समजावून सांगत होते, तेवढ्यात मागच्या घरची बकरी आत शिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि जाताना आमचा दुसरा मुक्काम खाऊन गेली. तो दगड नसून गुळाचा खडा होता, हे नंतर कळलं. ठोंबरे म्हणाला, "काका, बकरी जाऊन बी आली. आपन कधी जातो?"

तो प्रश्न मात्र काकांना आवडायचा नाही. हिवाळ्यात तारीख ठरवली, तर म्हणाले, "समजा, थंडीनं पानी गोठलं."

"काका, आपण सातपुड्यात जातोय, हिमालयात नाही," मॅडम म्हणाल्या.

उन्हाळ्यात म्हणाले, नदीत पाणीच नसेल तर तिच्यात काय पाहायचं. पावसाळ्यात तर विषयच नव्हता. मधल्या काळात वाटेत शिळं खायची सवय हवी म्हणून त्यांनी आम्हाला परवाचे रोडगे खाऊ घातले. कणकेचे ते भाजलेले गोळे ठोंबऱ्यानं मांडीवर ठेवून दगडानं फोडले.

शेवटी दिवाळी झाल्यावर मॅडमनीच वनखात्याची परवानगी काढली, वाटाड्या ठरवला, जीप सांगितली. "आता समजा-बिमजा काही नाही. शुक्रवारी निघायचं."

आम्हाला वाटलं, काका आनंदानं उड्या मारतील. ते नुसते "बरं" म्हणाले.

घळईत काहीच वाईट झालं नाही. पाणी गुडघ्याच्या वर गेलं नाही. अस्वलाची फक्त विष्ठा दिसली आणि ठोंबऱ्यानं तिचे फोटो काढले. काळ्या कातळाच्या भिंती इतक्या उंच, की दुपारीच सावली पडायची. ओल्या बुटांनी आम्हा तिघांच्या पायांना फोड आले, काकांना एकही नाही. पण काकांच्या तोंडून एकदाही 'समजा' निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंती बुटक्या होत गेल्या, दूर हरभऱ्याची शेतं दिसू लागली. काका एका खडकावर बसले. "तुमी व्हा पुढं."

मी थांबलो. "पाय दुखते का, काका?"

"नाही."

"मंग काऊन बसले?"

त्यांनी पाण्यात खडा टाकला. "इथून बाहेर पडलो का झालं. संपलं सारं. उद्या संध्याकाळी तुमी कायले येसान माह्याकडं?"

मॅडम मागे वळून आल्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं. त्या काकांच्या शेजारी बसल्या, मग मीही बसलो. पुढे गेलेला ठोंबरे हाका मारून कंटाळला आणि परत आला. ऊन उतरेपर्यंत आम्ही चौघं तिथंच होतो. वाटाड्याला आम्ही फार दमलोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून मी काकांकडे गेलो. ते ओट्यावर एकटेच बसले होते.

"काऊन रे, काही राह्यलं का माह्याकडं?"

"नाही. असाच आलो."

त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली. "बस तू. दूध आनतो."

परत आले तेव्हा हातात दुधाच्या चार पिशव्या होत्या. "दोघाले एवढं?" मी विचारलं.

"बाकीचे आले त् आले," ते आत जात म्हणाले. "नाही आले त् दही लावतो. वाया जात नाही."

तेवढ्यात फाटकाशी ठोंबऱ्याची मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून मॅडम उतरल्या. आतून आणखी दोन कप विसळल्याचा आवाज आला.