तात्यांनी न बघितलेले देव

जुन्या देवळांच्या सहलीबद्दल सांगतोय म्हणल्यावर तुमी हात जोडूनच बसला आसाल. कोरीव खांब, गाभाऱ्यातला गारवा, मनाला शांती, आसलं कायतरी येणार. न्हाय येणार. कारण ज्यांची गोष्ट हाय त्या तात्यांनी बारामती-इंदापूरकडचं एकबी देऊळ सोडलं न्हाय, आन् एकबी देव बघितला न्हाय. ते बाहेर चपला राखत बसत्यात.

तात्या आमचे कन्हेरीतले शेजारी. मे महिन्याची सुट्टी लागली की आळीतल्या लोकांना जीपमधी कोंबायचं आन् देवळं दाखवायला न्यायचं, ह्यो त्यांचा नेम. जीप थांबली की हे आधी उतरणार, सावली बघणार, चपलांच्या जोड्या लावणार, बायकांच्या अलीकडं, गड्यांच्या पलीकडं, आन् मधी मांडी घालून म्हणणार, "जावा तुमी. मी हितंच हाय." ह्याची नक्कल मी शाळेपासनं करतोय. हनुवटी जरा वर, आवाज नाकात, आन् 'हितंच' म्हणताना गुडघ्यावर थाप. कॉलेजात तर तात्यांना कधी न बघितलेली पोरंबी ती थाप मारत्यात.

देवळाचा निकालबी बाहेरनंच. "देवस्थान बरं हाय, पण पायरीला ऊन लागतंय." न्हायतर, "जुनं काम, मजबूत. चपलांना तेवढी जागा न्हाय." दहीगावच्या जैन मंदिरात चामड्याचं काय आत न्यायचं न्हाय म्हणल्यावर तात्यांची दिवाळीच झाली. चपला होत्याच, वर पट्टे आन् पाकिटं. गळ्यात पट्टे घालून तात्या गारुड्यासारखे बसलेले, आन् आमचा मामा एका हातानं पँट धरून एका हातानं नमस्कार करत आत. जीपवाले सलीमभाईसुद्धा गार वाटतंय म्हणून मंडपात टेकून आले. तात्या न्हाय.

ह्याला कारण काकी, म्हंजी तात्यांची बायको. देवळांचा खरा नाद तिचा. कवातरी नरसिंगपूरला तिची नवीकोरी चप्पल गेली, आन् भर उन्हात तापलेल्या रस्त्यावरनं ती अनवाणी एसटीपर्यंत आली. तवापासनं तात्या चपलांपाशी. काकी दारातनं हाक मारायची, "आवं, तुमी बी या की." ह्यांचं उत्तर ठरल्यालं, "तू ये जाऊन. मी हितंच हाय." काकीची नक्कलबी मी करायचो. ती पदरात तोंड घालून हसायची. दोन वर्षांमागं काकी गेली. सहल चालू राहिली, चपलाबी.

यंदा जीपमधी बसल्या बसल्याच तात्यांनी सांगून टाकलं, गुडघे गेलेत, पुढच्या साली सहल बंद. आन् शेवटचं देऊळ होतं पळसदेवचं. उजनी धरणाचं पाणी उतरलं की हे बुडालेलं देऊळ उघडं पडतंय. आत देव न्हाय, तो कवाच वरच्या नव्या गावात नेलाय. त्यामुळं सगळे चपला घालूनच आत घुसले. तात्यांना राखायला एक जोड न्हाय. तरी ते पायरीवर बसले, स्वतःच्या चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आन् त्याच राखायला लागले. "जावा तुमी. मी हितंच हाय."

म्हणलं, आज न्हाय तर हा माणूस कवाच देवळात शिरत न्हाय. मी आत एका खांबाआड उभा राहिलो, आन् काकीच्या आवाजात हाक मारली.

"आवं, तुमी बी या की."

"तू ये जाऊन," तात्या म्हणाले. "मी हितं..."

पुढचं आलं न्हाय. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी खांबाला चिकटलो. मग तात्या आले. चपला पायरीवर तशाच टाकून, गुडघ्यावर हात दिऊन, अनवाणी. रिकाम्या गाभाऱ्यापुढं उभे राहिले. आत वाळलेला गाळ होता आन् एक कबूतर. तेच बघत राहिले बराच वेळ. नमस्कारबी केला न्हाय.

भिगवण येस्तोवर आईनं मला सोलून काढलं. मेलेल्या माणसाची नक्कल करतोस, लाज हाय का, वगैरे. मामानंबी हात धुऊन घेतले. तात्या खिडकीतनं बाहेर बघत होते. चहाला थांबलो तवा त्यांनी मला बाजूला बोलावलं. मी कान पुढं करूनच गेलो.

"अक्कल हाय का तुला?" ते हळू आवाजात म्हणाले. "एकदाच हाक मारून गप बसलास. ती कवा एका हाकेवर थांबली होती का? आन् मी उठलो नसतो म्हंजी?"