झनकलालजींची जड गिटार

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात कुणाकडे मयत झाली, की मी झनकलालजी पटले यांच्या शेजारी उभं राहायचं टाळतो. कारण हा माणूस रडण्याचं वजन करतो.

मागे आमच्या गल्लीतले एक म्हातारबाबा गेले. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं, घरातून रडण्याचा आवाज येत होता. झनकलालजी माझ्या कानाशी लागले. "गुर्जी, पोट्टे रडून राहिले, पन वजन नाई. सुनेचं ऐका. जड आहे." त्यांचं कुजबुजणंही भर बाजारात बोलल्यासारखं. थोरल्या मुलाने वळून पाहिलं. मी तिरडीच्या दोरीकडे बघत राहिलो.

देवळाची घंटा, एसटीचा हॉर्न, निवडणुकीतली भाषणं, सगळ्यांचा निकाल एकच: "वजन नाई बापा." भाषणांच्या बाबतीत गावाचं त्यांच्याशी एकमत आहे.

बाजार ओळीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईकाने गंज, म्हणजे पातेलं, मागितला, की हे तो बोटांवर तोलतात, टिचकी मारतात, कान लावतात आणि परत फळीवर ठेवतात. "हा नका नेऊ. याचा आवाज फाटका हाय." एकदा दवनीवाड्याची एक बाई चिडून म्हणाली, "भाऊ, मले याच्यात भात शिजवाचा हाय, भजन नाई कराचं!"

त्यांच्या बारशाला जमलेल्यांना पुढचं काही ठाऊक नसणार, पण झनकलाल हे नाव त्यांना शोभलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं होतात. तरुणपणी झनकलालजी त्या नाटकांत गिटार वाजवायचे. तीच बारीक, चुणचुणीत आवाजाची गिटार लग्नानंतर घरी वाजायची. सुलोचनाबाई, म्हणजे त्यांची बायको, चुलीपासून ओरडायच्या, "अजी, तार उतरली!" हे फणकारायचे, तपासायचे, आणि तार खरंच उतरलेली असायची. बाईंनी आयुष्यात वाद्याला हात लावला नव्हता.

मग एका पावसाळ्यात सुलोचनाबाईंच्या डोक्यात ताप गेला. जीव वाचला, दोन्ही कान गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी कानाचं मशीनही चालणार नाही म्हणून सांगितलं. बोलकी बाई हळूहळू गप्प झाली. मागून कुणी आलं की दचकायची. एकदा झनकलालजींनी सहज खांद्यावर हात ठेवला, तर बाईंच्या हातातलं उकळतं दूध पायावर सांडलं. पाऊल पूर्ण भाजलं. तेव्हापासून हा माणूस स्वतःच्या घरात शिरायला घाबरायचा. गिटार तर खुंटीवरच राहिली. "चुकलो तरी कोनी सांगत नाई, गुर्जी. मंग वाजवाची कायले?"

एके दुपारी दोघं दिवाणावर बसले होते. धानाने भरलेला ट्रक दारावरून गेला, दिवाण थरथरला, आणि बाईंनी मान वर केली. "गाडी गेली का?"

झनकलालजी पळत माझ्याकडे आले. "गुर्जी, जड आवाज तिले समजते! लाकडातून जाते!"

त्या दिवसापासून ते जड संगीताच्या मागे लागले. मोबाइलवर केस सोडलेले, काळे कपडे घातलेले लोक गुरगुरताना बघायचे. भांड्यांच्या दुकानातून असा आवाज यायचा, की समोरच्या किराणावाल्याने मला गंभीरपणे विचारलं, "मास्तर, पटलेजींना कुठे दाखवता का? काऊन असं करून राहिले?"

त्यांनी जुन्या गिटारीलाच जाड तारा चढवल्या. तिची दांडी वाकली आणि ती फडफडायला लागली. "बैलाचं काम शेळीले देल्लं," ते म्हणाले. "दुसरी घ्या लागते. पन खिसा पाहून."

बसने आम्ही गोंदियाला गेलो. दुकानदाराने काळी कुळकुळीत, शिंगं असलेली, कवटी चिकटवलेली गिटार काढली. "अंकल, ये लो. हेवी मेटल. बच्चे लोग यही ले जाते हैं."

झनकलालजींनी आवाजाचा डबा, म्हणजे अॅम्प्लिफायर, लाकडी बाकाच्या एका टोकाला ठेवायला लावला. स्वतः दुसऱ्या टोकाला बसले, दोन्ही कानांत बोटं घातली आणि मला म्हणाले, "वाजवा." मी गणिताचा मास्तर. सापडली ती तार ओढली.

"इसमें वजन नहीं है."

"अंकल, चार किलो की है!"

दुसरी, तिसरी, एक पांढरी. प्रत्येक वेळी कानांत बोटं, डोळे मिटलेले. दुकानात आलेले दोघंतिघं हसायला लागले. दुकानदार मला हळूच म्हणाला, "इनको सुनाई नहीं देता क्या?"

"यांना देतं," मी म्हणालो.

कोपऱ्यात एक तपकिरी, कुणीतरी वापरून विकलेली गिटार धूळ खात होती. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, एक बटण गायब. पण दांडी लांब आणि सरळ, तारांखालचा पितळी पूल घट्ट बसवलेला. झनकलालजींनी तिला जाड तारा लावून घेतल्या आणि खुंट्या पिळत स्वर खाली खाली नेला. "इतना नीचे? अंकल, ये तार है या रस्सी?" दुकानदार म्हणाला.

मी तार ओढली. माझ्या दाढा हलल्या. बाक गुरगुरला. झनकलालजींनी डोळे उघडले नाहीत, नुसती मान हलवली.

"रंग तो देखो इसका," दुकानदाराला स्वतःलाच राहवेना.

"रंग बजता है क्या?"

परतीच्या बसमध्ये त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली होती. शेजारच्या माणसाच्या बरगडीत दांडी टोचत होती, यांचं लक्ष नव्हतं. बाईंना मंडईतल्या नाटकाचं एक गाणं फार आवडायचं. तेच ते बोटांनी हवेत वाजवत होते.

घरी डबा दिवाणावर ठेवला. बाईंना शेजारी बसवलं, त्यांचा तळवा लाकडावर टेकवला आणि गाणं सुरू केलं. दिवाण घुमला. बाई लक्ष देऊन बसल्या होत्या, कपाळाला आठ्या, ओठ किंचित उघडे. गाणं संपलं. हे लहान मुलासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाई त्यांच्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हे गाणं नाई. नुसतं हलून राहिलं."

आणि हात काढून त्या आत गेल्या. झनकलालजींनी डब्याचं बटण बंद केलं. मी चपला घातल्या.

मला वाटलं, गिटार माळ्यावर गेली असेल. पुढे बऱ्याच दिवसांनी दुपारी मी त्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेलो. गिटार दाराशीच खिळ्याला टांगलेली. तिची लांब वायर भिंतीच्या कडेने दिवाणावरच्या डब्यापर्यंत गेली होती. झनकलालजींनी चपला काढल्या आणि सगळ्यात जाड तार एकदा छेडली.

दिवाणावर पाठमोऱ्या बसलेल्या सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. दचकल्या नाहीत. मान न वळवताच म्हणाल्या, "आले का? हात धुवा."

"गाणं नाई समजत म्हनते," झनकलालजी मला म्हणाले, "पन मी आलो ते समजते."

मी वायरीकडे बघत विचारलं, "आणि वीज गेली तर?"

"लाइन नसली का तार छेडून फायदा नाई. घरी येऊन खिडकीसमोर अंगनात उभा राह्यतो. तिनं पाहेपर्यंत."

"उन्हात?"

"मंग? आत कसा जाऊ?" त्यांनी पायातली धूळ झटकली. "मान खाली राह्यते तिची. कधी कधी बहुत वेळ लागते."