शंकरभाऊंची पारख

माझ्या आईला कवळी बसवायची होती, तेव्हा शंकरभाऊंनी देवळीतल्या नव्या दंतवैद्याकडे आधी स्वतःचे बत्तीस धडधाकट दात साफ करून घेतले. हात हलका आहे अशी खात्री पटल्यावरच आईला जाऊ दिलं. आमच्या शेजारी त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. शिंपी असो की चष्मेवाला, "सोता पाह्यल्याबिगर कोनाले पाठवू नाई," हा त्यांचा नेम. चष्मेवाल्याला पारखताना भाऊंनाच नंबर निघाला, तरी नेम सुटला नाही.

गेल्या वर्षी माझी झोप उडाली. वर्गाच्या दारात पाय अडायचे, छाती धडधडायची. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, समुपदेशकाकडे जा. पण कोणाकडे, हे चारचौघांत विचारायची मला लाज. मास्तरचं डोकं फिरलं, असं गावभर झालं तर? शेवटी शंकरभाऊंना सांगितलं. ते हसले नाहीत. दुकानाला कुलूप लावून वर्ध्याच्या बसमध्ये बसले.

पहिल्या समुपदेशकाने भाऊ बोलत असताना दोनदा फोन घेतला, तो नापास. दुसऱ्याने चांगले विचार करायला सांगितलं. "तेवढं तं कॅलेंडरवर बी लिवलं रायते," भाऊंचा निकाल. तिसऱ्या समुपदेशक एक बाई होत्या; तिथून भाऊ शेवटच्या बसने परतले. मग म्हणाले, "मास्तर, ह्या बाईले आयकता येते. उद्या चाला."

पुढे दर गुरुवारी ते माझ्यासोबत आले. माझं झालं की मला चहाला पिटाळून स्वतः आत जायचे. पारख अजून चालू आहे, म्हणायचे.

हळूहळू मला झोप लागू लागली. वर्गात आवाज पूर्वीसारखा चढू लागला. आता गरज वाटली तरच या, असं बाईंनी सांगितलं, त्या दिवशी बसमध्ये मी भाऊंना म्हटलं, चला, तुमचीही दगदग संपली.

भाऊ म्हणाले, "तुमची संपली. मले जा लागते."

मी कारण विचारलं.

"पैल्या दिवशी खोटं दुखनं सांगाचं ठरवून गेलतो. बाईनं इचारलं, घरी कोन कोन हाय? मंग खोटं सुचलंच नाई."

भाऊंची बायको, कांतावहिनी, जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल भाऊ कधी बोलले नव्हते, आणि शेजारी राहून मीही कधी विचारलं नव्हतं.

"सांगनं आता कुठं लग्नापर्यंत आलं," भाऊ म्हणाले.

देवळी यायला अजून वेळ होता. मी त्यांच्याकडे सरकून बसलो आणि विचारलं, "लग्न कुठं लागलं होतं, भाऊ?"